लॅपटॉपचं वायफाय तासाभराने गायब होतंय? माझं दोन महिन्यांचं रडगाणं आणि शेवटी बदललेलं कार्ड

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचं दुखणं आणि माझं दुखणं एकच आहे का ते कळेल. लॅपटॉप चालू केला की वायफाय एकदम झकास, पाऊण तास, तासभर काही त्रास नाही, आणि मग अचानक खालच्या कोपऱ्यातलं वायफायचं चिन्ह जाऊन तिथे तो पृथ्वीचा गोळा येऊन बसतो. नेट स्लो झालं, सिग्नल कमी झाला असलं काही नाही, सेटिंगमधलं वायफायचं बटणच गायब. जणू ह्या लॅपटॉपला वायफाय कधी नव्हतंच. आणि त्याच मिनिटाला ब्लूटूथचा माऊसही मरतो. हे माऊसचं ध्यानात यायला मला दोन महिने लागले, आणि खरी मेख तिथंच होती.

मी सांगलीत गावभागात राहते, मार्केट यार्डातल्या दोन-तीन हळदीच्या अडत दुकानांचे हिशेब घरून बघते. दर महिन्याच्या २० तारखेला जीएसटीचं थ्री-बी रिटर्न भरायचं असतं, आणि मालक लोक बिलं कधी देतात तर १९ ला संध्याकाळी. तर १९ च्या रात्री साडेनऊला पोर्टलवर सगळं भरून झालं, ओटीपी आला, टाकायला गेले आणि गोळा हजर. घरातले म्हणाले मोबाईलचा हॉटस्पॉट लाव की. अहो पण वायफायच नाही तर हॉटस्पॉटला जोडणार कशाने? शेवटी मोबाईल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडला आणि यूएसबी टेदरिंग चालू केलं. हे एवढं तरी लक्षात ठेवा, लॅपटॉपच्या आतलं वायफायचं कार्ड मेलं तरी ह्या वाटेने नेट येतं, फक्त केबल डेटावाली पाहिजे, स्वस्तातल्या काही केबल नुसत्या चार्जिंगपुरत्या असतात त्या चालत नाहीत.

सुरुवातीला सगळा दोष राऊटरला. आमच्याकडे २०१९ च्या ऑगस्टातल्या पुरानंतर कामाची कुठलीच वस्तू खालच्या मजल्यावर ठेवायची नाही असा नियम झालाय, २०२१ ला तो अजून पक्का झाला. म्हणून राऊटर वर, माळ्याच्या शेजारी, आणि मी खाली सोप्यात. मध्ये स्लॅब. त्यामुळे ज्याला त्याला वाटायचं की स्लॅबमुळेच होतंय. अण्णा, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "राऊटर खाली आणूया का?" मी म्हटलं, "अण्णा, पाणी आलं तर?" ते म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे." विषय संपला. पण मोबाईल लॅपटॉपच्या शेजारी ठेवून बघितला तर त्याला रेंज चांगली आणि नेट पळायलंय. एकाच जागी मोबाईलला मिळतंय आणि लॅपटॉपला नाही म्हणजे राऊटर निर्दोष, ही चाचणी फुकट आहे आणि पहिल्याच दिवशी करायला पाहिजे होती.

मग सुरू झाले घरगुती उपाय. ड्रायव्हर काढून परत टाकला, दोन दिवस बरं. नेटवर्क रिसेट केलं, चार दिवस बरं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंटचा टॅब असतो, तिथली वीज वाचवायला हे उपकरण बंद करायची परवानगी देणारी टिक काढली, तर चक्क आठवडाभर बरं, मी तर जाऊला अभिमानाने सांगून पण टाकलं की सापडलं बाई एकदाचं. परत गोळा. एका रिपेअरवाल्या दादांकडे नेला तर ते म्हणाले, "ताई, मदरबोर्डवर लोड येतोय, ठेवून जावा." लोड म्हणजे काय ते विचारलं तर त्याचं उत्तर मिळेना, मी घेऊन आले परत.

आता ह्यातली गंमत मला फार उशिरा कळली. हे सगळे उपाय थोडे थोडे लागू का पडायचे? कारण प्रत्येक उपायाच्या शेवटी मी लॅपटॉप बंद करून चालू करत होते. गुण औषधाचा नव्हता, रिस्टार्टचा होता. त्यातही विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊन म्हणजे पुरतं बंद नसतंच, सिस्टीमचा गाभा झोपवून ठेवलेला असतो, म्हणून कधी कधी बंद करून चालू केलं तरी वायफाय यायचं नाही आणि मला वाटायचं की दुखणं वाढलं. खात्रीने परत आणायचा उपाय एकच होता. शटडाऊन, चार्जर काढायचा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरायचं, मग चालू. कार्डाची वीज पुरती तुटली की ते नव्याने जागं व्हायचं. तुमच्याकडे जर ह्याच युक्तीने दरवेळी वायफाय परत येत असेल आणि तासाभराने परत जात असेल, तर ड्रायव्हरच्या मागे लागण्यात अर्थ नाही, संशय कार्डावर घ्या.

संशय पक्का कसा करायचा ते सांगते. पहिलं, ब्लूटूथ. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ एकाच चिमुकल्या कार्डावर असतात, पण आतून दोघांच्या वाटा वेगळ्या, वायफाय पीसीआय एक्सप्रेस, म्हणजे पीसीआयईवरून आणि ब्लूटूथ यूएसबीवरून. दोघांचे ड्रायव्हर वेगळे. आता दोन वेगळे ड्रायव्हर एकाच सेकंदाला कसे बिघडतील? दोन्ही एकदम गेले म्हणजे ज्यावर दोघं बसलेत ते कार्डच जातंय, नाहीतर त्याची जागा. दुसरं, डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूत जाऊन लपलेली उपकरणं दाखव म्हणायचं, मग कार्डाचं नाव फिकं दिसतं आणि त्यावर कोड ४५, म्हणजे हे उपकरण सध्या जोडलेलंच नाही. काहींना पिवळा त्रिकोण आणि कोड १० दिसतो, तिथे आधी ड्रायव्हरला संधी द्या. तिसरं, कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून netsh wlan show wlanreport असं टाइप केलं की मागच्या तीन दिवसांचा वायफायचा सगळा पंचनामा एका पानावर निघतो, कधी जोडलं, कधी तुटलं, वेळेसकट. माझ्यात तुटायच्या वेळा बघितल्या तर चालू केल्यापासून चाळीस ते सत्तर मिनिटांच्या मध्येच सगळ्या. कार्ड गरम झालं की मान टाकायचं.

आणि शेवटची चाचणी माझ्या भाच्याची, तो वालचंद इंजिनिअरिंग कॉलेजात शिकतो, रविवारी जेवायला आला होता. त्याने पेनड्राइव्हवरून उबुंटू, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी दुसरी सिस्टीम, चालू केलं, लॅपटॉपमध्ये काही इन्स्टॉल न करता, आणि त्यावर व्हिडिओ लावून ठेवला. आमची जेवणं झाली, भडंग खाऊन झालं, आणि पन्नासाव्या मिनिटाला तिथेही वायफाय गेलं. म्हणाला, "मावशी, विंडोज सुटलं. आता उघडायलाच लागतंय."

उघडायच्या आधी एक बघा. पातळ लॅपटॉपांपैकी बऱ्याच जणांचं वायफाय मदरबोर्डावरच सोल्डर केलेलं असतं, ते घरी बदलता येत नाही. आपल्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळालं तर त्यात कार्ड काढायचं पान आहे का ते बघायचं, पान असेल तर कार्ड सुटं आहे. आणि वॉरंटी शिल्लक असेल तर काही उघडू नका, सरळ कंपनीकडे.

मागचं झाकण काढलं तर आत सगळं पिवळं. पंख्याच्या पात्यांवर, कोपऱ्यांत, जाळीत, हळदच हळद, कारण आठवड्यातून दोनदा मी तो घेऊन यार्डात बसते. भाचा म्हणाला, "मावशी, खंडोबाला नेलावता काय ह्याला?" हसण्यावारी नेलं, पण पंखा गुदमरला की आतली सगळीच मंडळी तापतात, तेव्हा मऊ ब्रशने सगळं झाडून घेतलं. मग कार्ड काढून त्याची सोनेरी टोकं पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसली, रबराचे कण झाडले, परत बसवलं. तुमच्याकडे आयसोप्रोपिल अल्कोहोल असेल तर ते रबरापेक्षा बरं. आणि खरं सांगते, तीन आठवडे एकदाही गेलं नाही. मला वाटलं संपलं. चौथ्या आठवड्यात परत गोळा, फक्त आता तासाऐवजी दोन तासांनी. साफसफाईने उष्णता कमी झाली एवढंच, कार्ड आतून गेलेलंच होतं. तरी हा उपाय करून बघाच, पैसे लागत नाहीत, आणि काहींचं कार्ड नुसतं सैल बसलेलं असतं त्यांचं तेवढ्यावर भागतं.

आता कार्ड निवडणं. बदलायला मला अर्धा तास लागला असेल, निवडायला पंधरा दिवस गेले आणि त्यातही एकदा चुकले, तर इथे जरा थांबून वाचा.

साधारण गेल्या आठ-दहा वर्षांतल्या लॅपटॉपमध्ये एम डॉट टू प्रकारचं कार्ड असतं, आकार २२३०, म्हणजे २२ मिलिमीटर रुंद आणि ३० लांब, पोस्टाच्या तिकिटाएवढं. त्याहून जुन्यात हाफ मिनी पीसीआयई असतं, त्याचा सॉकेट वेगळा आणि अँटेनाच्या वायरीच्या टोकाचं बटणही मोठं असतं, ते एम डॉट टूच्या कार्डावर बसत नाही. तेव्हा दुकानात काही विचारायच्या आधी आपल्या जुन्या कार्डाचा आधी वायरी लागलेल्या असताना आणि मग बाहेर काढून फोटो काढा.

मी चुकले ते पुढच्या पायरीवर. इंटेलची दोन कार्डं बघितली, एएक्स २०१ आणि एएक्स २१०. दिसायला सारखी, आकार तोच, भोकं त्याच जागी, आणि २०१ स्वस्त. घेतलं २०१. बसलं पण बरोबर, स्क्रू पण लागला, आणि लॅपटॉपला ते दिसेच ना. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नावसुद्धा नाही. दोन वेळा काढून बसवलं, म्हटलं माझंच काहीतरी चुकतंय. मग भाच्याने फोनवर विचारलं, "मावशी, प्रोसेसर कुठला?" रायझन, म्हणजे एएमडीचा. "मग ते कसं चालंल!" तर झालं असं, की २०१, २११ आणि त्याआधीचं ९५६० ही कार्डं अर्धवट असतात, त्यांच्यात नुसता रेडिओचा भाग असतो आणि बाकीचा मेंदू इंटेलच्याच प्रोसेसर किंवा चिपसेटमध्ये असतो. ह्या पद्धतीला सीएनव्हीआय म्हणतात. एएमडीच्या लॅपटॉपला ते अर्धं कार्ड म्हणजे किल्लीशिवाय कुलूप. एएक्स २००, एएक्स २१० किंवा जुनं ९२६० ही मात्र पूर्ण कार्डं, पीसीआयईवर चालणारी. एएमडी असेल तर ह्यातलंच घ्या, २०१ आणि २११ च्या वाटेला जाऊ नका. इंटेलचा लॅपटॉप असेल आणि मूळचं कार्ड अर्धवटवालं असेल, तर तेच मॉडेल परत घेणं सगळ्यात बिनधोक, कारण काही लॅपटॉपमध्ये त्या सॉकेटला पीसीआयईच्या वायरी दिलेल्याच नसतात. नशीब, माझं कार्ड परत घेतलं त्यांनी.

मग २०० घ्यायचं का २१०? २०० वायफाय ६ आहे, २१० वायफाय ६ ई, म्हणजे ६ गिगाहर्ट्झवरही बोलू शकणारं, पण त्याचा उपयोग राऊटरही तसाच असेल तर. २१० ला विंडोज १० किंवा ११ पाहिजे आणि तेही ६४ बिटचं, विंडोज ७ वाल्यांनी त्याच्या नादी लागू नये. लिनक्स वापरणाऱ्यांना कर्नल ५.१० किंवा पुढचा. मी २१० घेतलं कारण किमतीत फरक फारसा नव्हता, दीड-दोन हजारांच्या घरात. घेताना नुसतं कार्ड मागा, नावाच्या शेवटी एनजीडब्ल्यू असतं ते. ऑनलाइन ह्याच नावाने मोठ्या अँटेना आणि पट्टी असलेला डेस्कटॉपचा संच पण दिसतो, तो लॅपटॉपला कामाचा नाही.

अजून एक खोच, काही कंपन्यांच्या जुन्या लॅपटॉपमध्ये बायोसमध्येच, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या आतल्या प्रोग्राममध्ये, मान्य कार्डांची यादी असते. यादीबाहेरचं कार्ड दिसलं की लॅपटॉप अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड असं काहीतरी म्हणून अडून बसतो, चालूच होत नाही. घाबरायचं नाही, जुनं कार्ड परत लावलं की चालू होतो. पण दहा-बारा वर्षं जुना लॅपटॉप असेल तर आपल्या मॉडेलवर कुणी कुठलं कार्ड चालवलंय हे आधी शोधा. माझा तेवढा जुना नाही, मला हा त्रास झाला नाही.

बसवण्याचं आता पटापट सांगते, फक्त एका जागी सावकाश.

कार्ड हातात आलं की आधी त्याचा वायफायचा आणि ब्लूटूथचा ड्रायव्हर डाऊनलोड करून लॅपटॉपवरच ठेवा, कारण कार्ड बदलल्यावर नेट नसेल आणि ड्रायव्हर नेटवरून आणायचा असेल तर बसा बोंबलत. फास्ट स्टार्टअप बंद करा, शटडाऊन, चार्जर बाहेर. झाकणाचे स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड जागी गेला तर वरून कीबोर्डाला टेंगूळ येतं, म्हणून मी कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या जागचा स्क्रू त्या जागी टोचून ठेवला. झाकण उघडलं की पहिलं काम बॅटरीचं कनेक्टर बोर्डावरून सोडवणं, मग बाकी सगळं. अंगातली स्टॅटिक वीज घालवायला आधी नळाला किंवा लोखंडी खिडकीला हात लावा, आणि सिंथेटिक साडी, गालिचा असलं काही नको. मी सुती गाऊनवर, फरशीवर बसून केलं.

आता ती सावकाशीची जागा, अँटेनाच्या वायरी. दोन असतात, बऱ्याचदा एक काळी एक पांढरी, आणि टोकाला बाजरीच्या दाण्याहून थोडं मोठं असं गोल पितळी बटण. वायर धरून ओढायची नाही, तुटली तर ती स्क्रीनच्या कडेपर्यंत गेलेली असते आणि मग बिजागरी उघडायची वेळ येते. नख किंवा प्लॅस्टिकचा चपटा तुकडा बटणाखाली घालून सरळ वर उचलायचं. मग स्क्रू काढला की कार्ड स्वतःच तिरकं उभं राहतं, हळूच बाहेर ओढायचं. नवं त्याच तिरक्या कोनात आत सरकवायचं, मग खाली दाबून स्क्रू लावायचा. वायरी जुन्या कार्डावर ज्या क्रमाने होत्या त्याच क्रमाने, फोटो म्हणून तर काढलाय. बटण आधी बरोबर मधोमध ठेवायचं, बोट फिरवून बघायचं की ते सरकत नाही, मगच वरून सरळ दाबायचं. बसलं की बारीक टक असा आवाज येतो, आवाजापेक्षा बोटाला कळतो.

मला काळ्याचा टक आला, पांढऱ्याचा आला असं वाटलं. झाकण लावलं, चालू केलं, ड्रायव्हर टाकला, वायफाय आलं, मी देवाला हात जोडले. खाली सोप्यात आले तर दोनच काड्या. मोबाईलला चांगली रेंज आणि नव्या कोऱ्या कार्डाला दोन काड्या. परत उघडलं तर पांढरं बटण नुसतं वर टेकलेलं, बसलेलंच नव्हतं. चष्मा लावून, मोबाईलची टॉर्च धरायला मुलीला बसवून परत दाबलं, ह्या वेळी खरा टक आला. म्हणून झाकणाचे सगळे स्क्रू लगेच लावू नका, दोन लावा, लांबच्या खोलीत रेंज बघा, मग बाकीचे. आणि ज्यांचं दुखणं गायब होण्याचं नाही, नुसतं कमी रेंजचं आहे, त्यांनी नवं कार्ड घ्यायच्या आधी ही दोन बटणं तपासावीत, बऱ्याचदा तिथंच असतं. स्क्रीन उघड-मीट करताना रेंज खालीवर होत असेल तर बिजागरीतली वायर झिजलीय.

वेगाचं विचाराल तर काही फरक नाही. जुन्या कार्डावर लिंक स्पीड ८६७ एमबीपीएस दिसायचा, नव्यावरही ८६७, कारण आमचा राऊटर जुनाच, वायफाय ५ वाला, आणि नेटचा प्लॅन १०० चा. शेजारच्या काकूंच्या मुलाने विचारलं, "काकू, नेट पळायला लागलं का आता?" म्हटलं पळत नाही रे, पण जागा सोडत नाही आता.

उघडायची हिंमत नसेल किंवा कार्ड सोल्डरवालं असेल तर यूएसबी पोर्टात लावायचा छोटा वायफाय डोंगल घ्या, स्वस्त आहे, फक्त नुसता २.४ गिगाहर्ट्झवाला घेऊ नका, ड्युअल बँड, म्हणजे ५ गिगाहर्ट्झवरही चालणारा घ्या. एक पोर्ट अडकतं एवढंच. आणि नवं कार्ड घालूनही तासाभराने तोच गोळा येत असेल तर मग सॉकेट किंवा बोर्डाकडे बघायला लागतं, तिथेही डोंगलच स्वस्तात पडतो.

कार्ड बदलून आता दुसरी २० तारीख गेली. १९ च्या रात्री सात ते साडेअकरा लॅपटॉप एकदाही बंद केला नाही, तीन दुकानांची रिटर्न भरली, तीन ओटीपी टाकले. माऊस मात्र नव्याने पेअर करायला लागला, तो जुन्या कार्डालाच ओळखत होता.